पत्र्या कुणाच्या पायाला?

शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात साताऱ्याच्या त्या समांतर सरकारचं नाव ‘प्रतिसरकार’ असं छापलेलं असतं. वाळवा, तासगाव, खानापूर या पट्ट्यात म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी मात्र कायम ‘पत्री सरकार’. पुस्तकवाले म्हणतात, मूळ शब्द प्रति. पत्री हा अडाणी अपभ्रंश. गावकरी म्हणतात, अपभ्रंश कसला, पत्र्या ठोकायचे म्हणून पत्री. तिसरा एक खुलासाही आहे, आणि तो खुद्द त्या सरकारच्या फौजेतल्या माणसाच्या हकीकतीतून आलेला. एकाच नावाच्या तीन जन्मकथा आणि तिन्हींना थोडाथोडा आधार. यातली खरी कोणती हे ठरवायचं तर कागद, बोली आणि बैल या तिघांचीही साक्ष काढावी लागते.

कागद वाचताना पहिली खबरदारी जिल्ह्याच्या नावाची. १९४२ च्या कागदांत ‘सातारा’ लिहिलेलं असतं तेव्हा त्यात आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग येतो. वाळवा, तासगाव, खानापूर हे तेव्हा ब्रिटिश सातारा जिल्ह्याचे तालुके. खुद्द सांगली आणि मिरज ही पटवर्धनांची संस्थानं, आणि कुंडल औंध संस्थानात. १ ऑगस्ट १९४९ ला साताऱ्याचे दोन तुकडे होऊन ‘दक्षिण सातारा’ झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० ला त्याचं ‘सांगली’ असं नामकरण झालं. म्हणून ‘साताऱ्याचं पत्री सरकार’ ही कागदावरची नोंद बरोबर असली, तरी तो शब्द बोलणाऱ्यांची बरीचशी गावं आज सांगली जिल्ह्यात सापडतात. कुंडल औंधाकडे होतं ही गोष्टही वाटते तितकी किरकोळ नाही. मुंबई सरकारच्या पोलिसांची सत्ता जिथे संपायची तिथे संस्थानाची शीव लागायची, आणि भूमिगतांना या शिवांचा उपयोग नेमका ठाऊक होता.

घडामोडी थोडक्यात अशा. ऑगस्ट १९४२ च्या ‘भारत छोडो’ हाकेनंतर तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. ३ सप्टेंबरला तासगाव, ९ ला वडूज, १० ला इस्लामपूर. वडूज आणि इस्लामपूरला गोळ्या चालल्या, माणसं मेली. मोर्च्यांचा मार्ग खुंटला तसे कार्यकर्ते भूमिगत झाले आणि १९४३ च्या मध्यापासून गावोगावच्या मंडळांतून एक समांतर कारभार उभा राहिला. येडेमच्छिंद्रचे नाना पाटील, कुंडलचे जी. डी. लाड, वाळव्याचे नागनाथ नायकवडी, वाई भागातले किसन वीर ही त्यातली ठळक नावं. ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ सरकारी पगाराची रक्कम नेणारी आगगाडी लुटली गेली. २४ जुलैला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले. पुढच्या एप्रिलात धुळ्याकडचा सरकारी खजिना लुटला गेला. अशी सरकारं इतरत्रही उभी राहिली होती. बलियातलं दिवसांच्या हिशेबात संपलं, बंगालमधलं तामलुकचं १९४४ पर्यंत चाललं. साताऱ्याचं १९४६ उजाडेपर्यंत टिकलं.

ही पराक्रमाची बाजू पुष्कळदा सांगून झाली आहे. शब्दाच्या शोधात उपयोगी पडते ती दुसरी, कमी झगमगीची बाजू: न्यायनिवाडा. सावकाराने गिळलेली जमीन, भावकीतला बांध, बाईची छेड, गावगुंडाची दहशत, पोलिसांना भूमिगतांचा ठावठिकाणा कळवणारा खबऱ्या ही प्रकरणं गावातच चालायची. कमी खर्चाची ‘गांधी लग्नं’ लावली जायची. निवाडा झाला की अंमलबजावणी आलीच, आणि तुरुंग तर या सरकारकडे नव्हता. शिक्षा द्यायची ती एका रात्रीत, शिवारात, आणि तिची बातमी सकाळी चार गावांत पोचेल अशीच द्यायला हवी होती. नाव जन्मलं ते इथे.

आता पहिला दावा पाहू: प्रतीचं पत्री झालं, बाकी काही नाही.

‘प्रति’ हा संस्कृत उपसर्ग. तो बहुधा शिकलेल्यांनी आणला असणार, आणि चळवळीत शिकलेले होतेच. पांडू मास्तर, बर्डे मास्तर ही नावंच ते सांगतात. आता हा शब्द न शिकलेल्या तोंडात कसा बसेल ते पाहा. कृष्णाकाठच्या बोलीत शब्दाच्या आरंभीचं जोडाक्षर फुटतं: प्रसादचा परसाद, प्रतापचा परताप, प्रपंचाचा परपंच. त्या वळणाने प्रतीचं ‘परती’ व्हायला हवं होतं. ‘परती सरकार’ हे नाव काही वाईट नव्हतं. छत्रपतींची गादी असलेलं साताऱ्याचं राज्य इंग्रजांनी १८४८ मध्ये खालसा केलं होतं. ते परत आलं असा अर्थ त्यातून कुणीही काढला असता. पण तसं झालं नाही. ‘र’ फुटून मोकळा झाला नाही, तर पहिल्या अक्षरातून उठून दुसऱ्याला जाऊन चिकटला, आणि शेवटची वेलांटी दीर्घ झाली.

अक्षरांची अशी अदलाबदल बोलीला परकी नाही. मतलबचं मतबल आणि नुकसानाचं नुस्कान याच गावांत रोज होतं. तेव्हा प्रतीचं पत्री होणं अशक्य नव्हतं, पण ते सरळ वळणाचंही नव्हतं. परसाद-परतापचा रुळलेला रस्ता सोडून एखादा शब्द आडवाटेने जातो तेव्हा त्या वाटेला त्याला ओढणारं काहीतरी असतं. बहुतेक वेळा तो आधीपासून ओळखीचा असलेला दुसरा शब्द असतो.

सरकारी कागद इथे मदतीला येत नाहीत, उलट घोळ वाढवतात. इंग्रज अंमलदारांच्या लेखी हे सरकार नव्हतंच. दरोडे, मारहाण, तारा तोडणं अशा गुन्ह्यांची ती मालिका होती. त्यांनी नाव लिहिलं ते रोमन लिपीत. रोमनमध्ये प्रति आणि पत्री या दोन्ही शब्दांची पाच अक्षरं अगदी तीच आहेत, फक्त एक जागचं हललेलं. कारकुनाने ऐकलं तसं टंकलं, की टंकताना बोट सरकलं, की वरिष्ठाने ‘दुरुस्त’ केलं, हे नुसत्या अक्षरांवरून सांगता येणार नाही. म्हणून एखाद्या इंग्रजी अहवालात नाव असं आहे की तसं, यावर या वादाचा निकाल लावू नये. देवनागरीतला ऱ्हस्व-दीर्घ आणि बोलणाऱ्याची जीभ यांची साक्ष जास्त भरवशाची.

ओढणारा शब्द शोधायला फार लांब जावं लागत नाही. बैलाच्या पायाला जे ठोकतात त्याला या भागात पत्री म्हणतात. घोड्याचा खूर अखंड, त्याला एक वळलेला नाल पुरतो. बैलाचा खूर दुभंगलेला, म्हणून प्रत्येक पायाला लोखंडाचे दोन चपटे तुकडे लागतात. चार पायांना आठ. नुसता नांगर ओढणाऱ्या बैलाला याची तितकी गरज पडत नाही, माती त्याचे खूर झिजवत नाही. खडीच्या सडकेवर गूळ, ऊस, हळद भरलेली गाडी ओढणाऱ्याला मात्र पत्री लागतेच. कृष्णा-वारणेच्या काठी अशी गाडी घरोघरी होती आणि पत्र्या मारण्याचा देखावा पोरासोरांच्या सवयीचा होता. दोर टाकून बैल पाडायचा. चारी पाय एकत्र आवळून मध्ये दांडकं अडकवायचं. खुरांचे तळ वर आले की कडेने खिळे ठोकायचे. जनावर फुरफुरतं, डोळे फिरवतं, पण खुराची कड नखासारखी निर्जीव असते, त्यामुळे दुखत असं काही नसतं. त्याला खरा जाच होतो तो पाडलं जाण्याचा.

दांडकं अडकवून तळ वर केलेले हे पाय लक्षात ठेवून आता कॅप्टन भाऊंची हकीकत ऐकावी. कॅप्टन भाऊ म्हणजे कुंडलचे रामचंद्र श्रीपती लाड, ‘तुफान सेना’ या प्रतिसरकारच्या सशस्त्र दलाचे कप्तान. ५ फेब्रुवारी २०२२ ला ते वारले. त्याआधी काही वर्षं, वयाची नव्वदी ओलांडल्यावर, पत्रकार पी. साईनाथ यांना त्यांनी शिक्षेची पद्धत तपशीलवार सांगितली होती. तिचा आशय असा. खबऱ्याला रात्री घरातून उचलायचं. त्याच्या एका साथीदारालाही बरोबर घ्यायचं. गावाबाहेर नेऊन त्याच्या दोन घोट्यांच्या मध्ये लाकडी दांडकं घालून पाय बांधायचे, उलटा धरायचा आणि तळपायांवर काठ्या मारायच्या. शरीराच्या दुसऱ्या कुठल्याही भागाला हात लावायचा नाही. काम झालं की त्याला साथीदाराच्या पाठीवर लादून घरी पाठवायचं. पुढे बरेच दिवस त्याला धड चालता येत नसे.

या साक्षीत खिळा कुठे नाही, पत्रा नाही, घणही नाही. दांडकं आहे, दोर आहे आणि वर आलेले तळपाय आहेत. म्हणजे बैलाला पत्री मारतानाचा सगळा थाट आहे, फक्त पत्री तेवढी नाही. ज्याने आयुष्यभर बैल पाडलेले पाहिले त्याला हा देखावा पाहून दुसरा कुठला शब्द सुचणार? ‘पत्र्या मारल्या’ हीच पहिली, आपसूक निघालेली थट्टा असणार. आणि त्याच सुमाराला वरून, मास्तरांकडून, ‘प्रति सरकार’ असा जिभेला जड जाणारा शब्द गावात उतरत होता. दोन्ही एकमेकांवर बसायला वेळ लागला नसेल. पत्र्या मारणारं ते पत्री सरकार. पाठीवर लादून परत पाठवलेला खबऱ्या सकाळी गावात दिसला की नावाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

त्याच मुलाखतीत नावाचा खुलासाही येतो, आणि तो या तर्काच्या विरुद्ध जातो, म्हणून तो बाजूला सारणं बरं नाही. तिथे पत्री म्हणजे लाकडाची काठी असा अर्थ दिला आहे. प्रत्यक्ष भाग घेतलेल्या माणसाच्या हकीकतीबरोबर आलेला अर्थ म्हणून त्याला वजन द्यायलाच हवं. तरी दोन गोष्टी आड येतात. एक, या भागात काठीला नावांचा तुटवडा नाही: काठी, सोटा, दांडकं, बडगा, टिपरू. मारण्याची काठी म्हणून ‘पत्री’ इथल्या रोजच्या बोलण्यात भेटत नाही. दुसरं, हकीकत आणि तिचा अर्थ यांची साक्ष वेगवेगळी तोलावी लागते. आपण काय केलं हे माणूस सत्तर वर्षांनीही नेमकं सांगू शकतो. लोकांनी त्याला अमुक नाव का दिलं, याविषयी त्याचं मत आपल्या मताइतकंच तर्काचं असतं. म्हणून घोट्यांतल्या दांडक्याबद्दल मी कॅप्टन भाऊंवर पूर्ण विश्वास ठेवतो आणि नावाच्या खुलाशाबद्दल ठेवत नाही.

राहिला खिळ्यांचा प्रश्न. पकडलेल्या माणसाच्या पायाला खरोखरच घोड्याबैलासारखे नाल ठोकत, ही कथा तेव्हापासून फिरते आहे. विरोधकांनी ती आरोप म्हणून सांगितली, चाहत्यांनी कौतुक म्हणून. दोन्हीकडून सांगितली गेल्यामुळे ती खरी वाटते. पण खुरात मारलेला खिळा निर्जीव भागात जातो. माणसाच्या तळव्यात तसा भागच नाही. नाल ठोकलेला माणूस ‘बरेच दिवस’ लंगडला नसता, तो जन्माचा अधू झाला असता, आणि अशी माणसं गावागावांत पुढे चाळीस-पन्नास वर्षं दिसत राहिली असती. या कथेतला खिळा माणसाच्या पायातून आलेला नाही, शब्दातून आला आहे. आधी थट्टेने ‘पत्र्या मारल्या’ म्हटलं, मग ऐकणाऱ्या परगावच्या माणसाने ते अक्षरशः घेतलं. भूमिगतांच्या दृष्टीने हा गैरसमज फायद्याचाच होता. तुरुंग नसलेल्या सरकारचा नुसत्या नावाने धाक बसत असेल तर तो कोण नाकारेल? चार काठ्या मारायच्या आणि नाव आठ पत्र्यांचं व्हायचं.

मात्र हा विनोद सगळ्यांचा नव्हता. काठ्यांनी सुजलेले तळपाय ही हलकी शिक्षा नाही, आणि रात्री शिवारात दिलेल्या निकालावर अपील नव्हतं. शब्दातलं हसू मारणाऱ्यांचं आणि बघ्यांचं. ज्याचे पाय वर होते त्याने या शब्दाची कुठे मौज केली असेल असं वाटत नाही. तरी बघे का हसले, हे समजण्यासारखं आहे. गावच्या कुणब्याच्या भाषेत दुबळ्या माणसासाठी वापरायचे बहुतेक शब्द गोठ्यातले असतात: वेसण घालणं, मुसकं बांधणं, दावणीला बांधणं, जू मानेवर घेणं. ते सगळे शब्द आजवर त्याच्यावर वापरले गेले होते. ‘पत्र्या मारणं’ हा गोठ्यातला शब्द मात्र पहिल्यांदाच वाड्यातल्या सावकाराला आणि चावडीवरच्या खबऱ्याला लागू झाला. पाडलेला बैल आता पलीकडचा होता.

या भागाला अशा उलट्या थट्टेची सवयही होती. सत्यशोधकी जलशांनी वीस-तीस वर्षं आधीपासून शेटजी-भटजींची खिल्ली गावच्या बोलीत उडवून दाखवली होती. नाना पाटलांचं वक्तृत्व त्याच मुशीतलं. तलाठ्याची नोकरी सोडून चळवळीत आलेला हा माणूस सभेत पुस्तकी मराठी बोलत नसे. शेत, जनावर, कुस्तीचा फड यांतलेच दाखले देई. ज्या सरकारचा म्होरक्या असा बोलतो, त्या सरकारचं नाव ‘प्रति’ या उपसर्गावर टिकून राहिलं असतं तरच नवल.

मराठीत नावडत्या राजवटीला टोपणनाव देण्याची पद्धत जुनीच आहे. मोगलाई, बेबंदशाही, झोटिंगशाही हे सगळे शब्द वरच्या सत्तेला खालून मारलेले टोमणे. पत्री सरकार या रांगेत बसतं आणि तरी वेगळं पडतं, कारण हे नाव आपल्याच माणसांच्या सत्तेला दिलेलं होतं. टोमणाही आहे आणि मायाही आहे. म्हणूनच चळवळीला हिणवण्यासाठी जो शब्द विरोधकांना सोयीचा होता, तोच पुढे स्मारकांच्या भाषणांत अभिमानाने येऊ शकला. ‘झोटिंगशाही’ला असं भाग्य लाभण्याची शक्यता नव्हती.

शब्दाचा काळ ठरवायला एक बाहेरचा पुरावा आहे. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, दुसरी आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात छापून झाले. म्हणजे मराठीची सर्वांत मोठी शब्दमोजणी संपली आणि चार-पाचच वर्षांनी साताऱ्यात हा नवा अर्थ जन्मला. हे नाव या सात विभागांत असूच शकत नाही. कोशात नाही म्हणून हा नंतरच्या कुणा लेखकाने रचलेला शब्द असावा, असा आक्षेप कुणी घेतला तर त्याला उत्तर म्हणून एवढं पुरे आहे: कोशकार आधी येऊन गेले होते.

१९४६ मध्ये मुंबईत बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं उठली, भूमिगत वर आले. त्याआधी १९४४ मध्ये सुटकेनंतर विश्रांतीसाठी पाचगणीत असताना गांधीजींनी भूमिगतांना उघड होण्याचा सल्ला दिला होता. साताऱ्यातल्या बऱ्याच जणांनी तो तेव्हा मानला नव्हता. नाना पाटील पुढे शेतकरी कामगार पक्षात, मग कम्युनिस्ट पक्षात गेले, १९५७ ला साताऱ्यातून आणि १९६७ ला बीडमधून लोकसभेवर निवडून गेले. लोकांनी त्यांना ‘क्रांतिसिंह’ म्हटलं आणि त्यांच्या सरकारला शेवटपर्यंत पत्रीच म्हटलं. एकाच चळवळीला दिलेली ही दोन बिरुदं दोन वेगळ्या भाषांतली आहेत. पहिली व्यासपीठाची, दुसरी गोठ्याची.

मधल्या काळात सडका डांबरी झाल्या, गाड्यांना रबरी चाकं आली, मग ट्रॅक्टर आले. बैल कमी झाले तसे पत्र्या मारणारेही कमी झाले. काठीचा खुलासा कुठून आला असावा याचं उत्तर मला यातच दिसतं. बैलाला पत्री मारताना कधीच न पाहिलेल्या श्रोत्याला ‘पत्र्या मारायचे’ असं सांगून काहीच कळत नाही. त्याला हातातली वस्तू दाखवावी लागते, आणि त्या शिक्षेत हातात होती ती काठी. तरी हा शब्द सगळा गेलेला नाही. कृष्णाकाठी अजूनही काही ऊस बैलगाडीतून कारखान्याला जातो, आणि गळीत हंगामात अड्ड्याजवळ दोर, हातोडा आणि पत्र्यांची पिशवी घेऊन बसलेला माणूस भेटतो. दाते-कर्व्यांनंतर कुणी या नावाची नोंद करायला घेतली, तर ‘पत्री’चा पहिला अर्थ त्याने त्या माणसाकडून घ्यावा आणि सरकारचा अर्थ दुसऱ्या क्रमांकावर लिहावा. प्रतिसरकार हा शब्द त्यासाठी ‘तुलना करा’ एवढ्यापुरता पुरेसा आहे.